वाचकांचे प्रश्न : संवाद निम्मे कळले नाहीत, तरी गोष्ट कशी कळली?

व्हिडिओ गेमविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा रोख एकाच विषयाकडे आहे: विज्ञानकथा सांगणारे, हाती बंदूक देणारे आणि तरीही गोष्टीसाठी लक्षात राहणारे गेम. ती पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. एका ठिकाणी गेममधील रहस्य उघड करावे लागले आहे. तेथे आधी सूचना दिली आहे.

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून घरची शेतीही पाहतो. पुण्याला नोकरी करणाऱ्या मावसभावाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, त्यात 'हाफ-लाइफ' आणि 'हाफ-लाइफ 2' हे दोन गेम होते. मोबाईलवर मी नेमबाजीचे गेम खेळलो आहे; तेथे विमानातून उडी मारली की लगेच गोळीबार सुरू होतो. 'हाफ-लाइफ'मध्ये मात्र सुरुवातीला मी नुसता एका डब्यात उभा होतो आणि डबा चालत होता. माझे इंग्रजी बेताचे आहे, त्यामुळे निम्मे संवाद डोक्यावरून गेले. तरीही गेम संपला तेव्हा गोष्ट मला कळलेली होती आणि ती मी घरी सांगूही शकलो. हे कसे झाले? आणि अशा गेमला उत्तम का म्हणतात?

उत्तर : तुम्ही ज्या डब्यात उभे होता, त्या डब्याने नेमबाजीच्या गेमची एक जुनी सवय मोडली, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. 'हाफ-लाइफ' हा अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचा पहिलाच गेम. तो नोव्हेंबर 1998 मध्ये बाजारात आला. त्याच्या पाच वर्षे आधी आलेल्या 'डूम'ने या प्रकाराला वेग दिला आणि भीती दिली, परंतु त्यातली गोष्ट बहुतांशी सोबतच्या माहितीपुस्तिकेत आणि टप्प्याटप्प्याला पडद्यावर येणाऱ्या मजकुरात राहिली. ज्यांना गोष्ट सांगायची होती त्यांनी पुढे चित्रपटाची वाट धरली: खेळ थांबवायचा, खेळणाऱ्याच्या हातातून सूत्रे काढून घ्यायची, पात्रांचे बोलणे दाखवायचे आणि ते संपले की बंदूक परत द्यायची. याला कटसीन म्हणतात. 'हाफ-लाइफ'मध्ये एकही कटसीन नाही. गॉर्डन फ्रीमन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील ब्लॅक मेसा या संशोधन केंद्रात कामावर निघाला आहे, आणि पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत त्याचे डोळे म्हणजे तुमचेच डोळे असतात.

त्या डब्यातून कुठे पाहायचे हे तुम्हाला कोणी सांगितले नाही. एका बाजूने पाहिले तर बंद दारावर थापा मारत ताटकळलेला सुरक्षारक्षक दिसतो, दुसऱ्या बाजूने खोल खड्ड्यात काम करणारी प्रचंड यंत्रे दिसतात. ध्वनिक्षेपकावरील एकही सूचना कळली नाही तरी ही जागा अवाढव्य आहे, येथे जोखमीचे काम चालते आणि तुम्ही येथले एक साधे नोकरदार आहात, एवढे त्या पाच-सहा मिनिटांत मनात उतरते. मग तुम्ही संरक्षक पोशाख चढवता, खाली प्रयोगकक्षात जाता आणि नमुना ठेवलेला गाडा यंत्राच्या किरणात ढकलण्याचे काम तुमच्याकडे येते. तो ढकलल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. तुम्ही ढकलता आणि अनर्थ होतो. दुसऱ्या जगाचे दार उघडते, छत कोसळते, आणि ज्या वाटेने तुम्ही थोड्या वेळापूर्वी निर्धास्तपणे आला होता त्याच वाटेने आता अंधारातून परत जावे लागते. चित्रपटात हा अनर्थ दुसऱ्या कोणाच्या हातून झाला असता. येथे गाड्याला लागलेले हात तुमचे होते, आणि हे कळण्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नव्हती.

पुढचा एक प्रसंग तुम्हाला नक्की आठवत असेल. वाचवायला सैन्य येत आहे, अशी आशा केंद्रातील सगळे शास्त्रज्ञ धरून असतात. अखेर सैनिक दिसतो, एक शास्त्रज्ञ हात उंचावत त्याच्याकडे धावतो, आणि सैनिक त्याला गोळी घालतो. सरकारला साक्षीदार नको आहेत, ही गोष्टीतील सर्वांत मोठी कलाटणी तुमच्या डोळ्यांसमोर दोन सेकंदांत घडून जाते आणि पुढच्याच सेकंदाला त्या सैनिकाची बंदूक तुमच्याकडे वळते. समजून घेणे आणि जीव वाचवणे ही दोन कामे येथे एकाच वेळी करावी लागतात. तिफणीमागे चालता चालता मूल पेरणी शिकते, त्यासाठी त्याला कोणी धुऱ्यावर बसवून व्याख्यान देत नाही. या गेमने गोष्ट तशी शिकवली.

'हाफ-लाइफ 2' हा 2004 सालचा. त्याच्या सुरुवातीचा एक अगदी लहान प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण या प्रकारातील लेखन किती बारकाईचे असू शकते हे त्यावरून दिसते. सिटी 17 या शहरावर परग्रहावरून आलेल्या सत्तेचा कब्जा आहे. स्थानकातून बाहेर पडताना मुखवटा घातलेला एक शिपाई वाट अडवतो, हातातील दांडक्याने एक रिकामा डबा खाली पाडतो आणि तो उचलून कचरापेटीत टाक म्हणून हुकूम सोडतो. तुम्ही मुकाट्याने डबा उचलून पेटीत टाकलात, तर तो हसतो आणि वाट सोडतो. तोच डबा त्याच्या अंगावर भिरकावलात, तर तो दांडके घेऊन तुमच्या मागे लागतो. बस, एवढेच. पण या अर्ध्या मिनिटात गेमने वस्तू उचलायची आणि फेकायची कशी हे शिकवले, या शहरात माणसाची किंमत काय आहे ते दाखवले, आणि तुमच्या मनात राग पेरून ठेवला. खेळाचा धडा, जगाची माहिती आणि पात्राची भावना हे सारे एकाच रिकाम्या डब्यात बसले. पुढे अनेक तासांनी वस्तू खेचून फेकणारी ग्रॅव्हिटी गन हातात येते तेव्हा त्या पहिल्या डब्याची आठवण हातालाच होते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझ्या मते ज्या गेममध्ये बंदूक आणि गोष्ट एकच बोलतात, तो उत्तम. याचे माझे आवडते उदाहरण युक्रेनमधील फोर-ए गेम्सने 2010 मध्ये आणलेला 'मेट्रो 2033' हे आहे. अणुयुद्धानंतर जगलेली माणसे मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत राहत आहेत आणि जमिनीवर श्वास घेण्यासारखी हवा उरलेली नाही. या जगात युद्धापूर्वी तयार झालेली चांगली गोळी हेच चलन आहे. बाजारात तीच देऊन तुम्ही औषध घेता, मुखवट्यासाठी गाळणी घेता. आणि जीवावर बेतले की तीच बंदुकीत भरून झाडता, कारण भुयारात बनवलेल्या गावठी गोळ्यांपेक्षा तिचा मार जबर असतो. म्हणजे प्रत्येक बार म्हणजे गाठीचा पैसा. पेरणीसाठी राखून ठेवलेले दाणे उपासमारीत दळायला काढण्याची वेळ ज्या घरावर आली आहे, त्या घराला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. टंचाई आहे असे कोणत्याही पात्राने सांगितले नाही तरी चालते, कारण ती तुमच्या बोटाला कळते. श्वासासाठी किती वेळ उरला हे पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांत लिहिलेले नसते, मनगटावरच्या घड्याळात पाहावे लागते. विजेरी मंद झाली की हाताने दट्ट्या दाबून ती पुन्हा भारावी लागते. अशा बारकाव्यांमुळे ते भुयार आपल्या अंगावर येते.

याच्या उलट, बंदूक एक बोलते आणि गोष्ट दुसरेच बोलते, असेही पुष्कळदा होते. गोष्टीतला नायक हळवा, हिंसेला कंटाळलेला असतो आणि खेळात मात्र त्याच्या हातून शेकडो माणसे सहज मरत असतात. क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकाराने 2007 मध्ये 'बायोशॉक'विषयी लिहिताना खेळ आणि गोष्ट यांच्यातल्या या विसंगतीला नाव दिले आणि तेव्हापासून ती चर्चेत आहे. 'बायोशॉक'विषयी मला अधिक लिहायचे आहे, परंतु त्यात रहस्यभेद आहे; ज्यांना तो गेम खेळायचा आहे त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडून द्यावा.

'बायोशॉक' 1960 सालात घडतो. अटलांटिक महासागराच्या तळाशी अँड्र्यू रायन नावाच्या धनाढ्याने वसवलेले रॅप्चर हे शहर मोडकळीस आलेले आहे आणि विमान अपघातातून वाचलेले तुम्ही तेथे पोहोचता. रेडिओवरून ॲटलस नावाचा माणूस अजिजीने तुम्हाला सांगत जातो, कृपा करून हे करा, कृपा करून तिकडे जा. तुम्ही करत जाता, कारण नेमबाजीच्या गेममध्ये जे सांगितले ते करायचे असते, ही आपली वर्षानुवर्षांची सवय आहे. मग रायनसमोर उभे राहिल्यावर उलगडते की ती अजिजीची साधी वाटणारी शब्दावली हाच तुमच्या मेंदूत बसवलेला हुकूम होता आणि तुम्ही एकदाही स्वतःच्या मर्जीने वागलेला नव्हता. त्या क्षणी गेम तुमच्या हातातून सूत्रे काढून घेतो. तुम्ही बटणे दाबत राहता, काही होत नाही, आणि तुमचेच हात रायनला मारत राहतात. कटसीनवर मी वर जी टीका केली तिला हा एक रास्त अपवाद आहे, कारण येथे सूत्रे काढून घेणे हीच गोष्ट आहे. मात्र त्यानंतरचा गेम मला उतरता वाटतो. आज्ञाधारकपणाचे इतके भेदक दर्शन घडवल्यावर तो पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी सांगण्यावरून इकडून तिकडे धावायला लावतो आणि त्या विसंगतीचे उत्तर त्याला सापडलेले नाही.

तुम्ही घरी गोष्ट सांगितलीत, असे लिहिले आहे. सांगताना 'गॉर्डनने गाडा ढकलला' असे म्हणालात की 'मी ढकलला' असे म्हणालात, हे आठवून पाहा. बहुतेक जण दुसरे म्हणतात.

प्रश्न (देसाईगंज-वडसा, जि. गडचिरोली) : मी झाडीपट्टी रंगभूमीवर प्रकाशयोजना सांभाळतो. प्रेक्षकाची नजर कुठे न्यायची, हे नाटकात आमच्या हातात असते. माझा भाचा गेम खेळतो तेव्हा पाहतो, तर समोर महत्त्वाचे बोलणे चालू असताना हा पाठ फिरवून कपाटे उघडत असतो. अशाने गोष्ट निसटत नाही का?

उत्तर : निसटते, आणि म्हणूनच अशा गेमची रचना करणाऱ्याचे काम तुमच्या कामाच्या फार जवळचे आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणाऱ्या तुमच्या प्रयोगात समोर हजारो माणसे असतात. त्यांत कोणी पेंगतो, कोणी लेकराला समजावतो, कोणी चहाला उठतो. तरीही नेमक्या प्रसंगी साऱ्यांच्या माना मंचाकडे वळतात, त्या काही विनंती केली म्हणून वळत नाहीत. आधीचा उजेड कमी झालेला असतो, ऑर्गन थांबलेला असतो, आणि जेथे पाहायचे तेथेच तेवढा प्रकाश उरलेला असतो. उत्तम गेम हेच करतो. अंधाऱ्या खोलीत एकाच दारावर दिवा असतो. अरुंद बोळातून चालवत आणून अचानक मोकळ्यावर सोडले की समोरचे दृश्य पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

'हाफ-लाइफ 2'मध्ये स्थानकाचे दार उघडताच समोर आभाळात घुसलेला एक मनोरा दिसतो. तो शत्रूचे मुख्य ठाणे आहे. पुढे कालव्यातून, किनाऱ्यावरून, तुरुंगातून कितीही भटकंती झाली तरी शेवटी पोहोचायचे तेथेच आहे, हे त्या पहिल्या दर्शनानेच मनात रुजलेले असते. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दूरच्या वावरातूनही दिसतात आणि माणूस त्यांच्यावरून दिशा ओळखतो, तशी त्या मनोऱ्यावरून खेळणाऱ्याला गोष्टीची दिशा कळते. त्याच गेममध्ये रॅव्हनहोम नावाचे उजाड गाव आहे. तेथे शिरताच एक करवतीचे गोल पाते भिंतीत रुतलेले दिसते आणि त्यावर एका मृतवत प्राण्याचे अर्धे धड अडकलेले असते. हे पाते उपसून फेकायचे असते, हे सांगणारी पाटी तेथे नाही. ते उपसले की नेमका एक शत्रू समोर येतो. प्रकाश, वस्तू आणि वेळ यांची ही सांगड तुमच्यासारख्या कलावंताला लगेच उमजेल.

भाचा पाठ फिरवतो, याला आणखी एक उत्तर त्या गेमने शोधले. त्यातील पात्रांचे चेहरे घडवताना पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाच्या चेहऱ्याच्या स्नायूंवरील अभ्यासाचा आधार घेतलेला होता. पात्रे तुम्ही जेथे असाल तेथे नजर वळवतात. ॲलिक्स नावाची सोबतीण बोलताना तुमच्या डोळ्यांत पाहते. कोणी आपल्या डोळ्यांत पाहून बोलत असेल तर त्याच्याकडे पाठ करणे माणसाला जड जाते, एवढ्या साध्या मनुष्यस्वभावावर तो सारा डोलारा उभा आहे.

शांततेचा वापरही तुमच्या ओळखीचा असेल. 2001 सालच्या 'हेलो'मध्ये जवळजवळ निम्मा गेम एकाच प्रकारच्या शत्रूंशी लढून झाल्यावर एका दलदलीत उतरावे लागते. आत इमारतीत रक्ताचे डाग आहेत, टाकून दिलेली शस्त्रे आहेत, आणि लढायला कोणीच नाही. बराच वेळ नाही. ज्यांच्याशी आपण लढत होतो तेच येथून जीव घेऊन पळाले आहेत, हे लक्षात येते तेव्हा हातातली बंदूक पहिल्यांदा अपुरी वाटू लागते.

गोष्ट सांगण्याची आणखी एक रीत म्हणजे जागोजागी सापडणाऱ्या ध्वनिफिती. 1994 च्या 'सिस्टिम शॉक'च्या निर्मात्यांना संगणकातील पात्रांशी पर्याय निवडून केलेले संभाषण खोटे वाटत होते, म्हणून त्यांनी अवकाशस्थानकात जिवंत माणूसच ठेवला नाही. मेलेल्यांच्या नोंदी तेवढ्या ठेवल्या. त्या गेमला ती रीत शोभली. पुढे तिचा इतका अतिरेक झाला की काही गेममध्ये गोष्ट म्हणजे कपाटे उघडून गोळा करायचा गृहपाठ होऊन बसली आहे, आणि तुमचा भाचा कपाटे उघडतो तो याच सवयीने.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया) : मी शिक्षिका आहे. माझा मुलगा 13 वर्षांचा असून मित्राकडे जाऊन नेमबाजीचे गेम खेळतो. या गेममध्येही चांगली गोष्ट असते, असे तो मला पटवून देतो. त्याला खेळू द्यावे का?

उत्तर : ताई, मुलगा खोटे बोलत नाही, पण वर ज्यांचे कौतुक केले आहे ते गेम त्याच्या वयासाठी नाहीत. 'हाफ-लाइफ 2', 'बायोशॉक' आणि 'मेट्रो 2033' यांना अमेरिकेतील मानांकनात 17 वर्षे व त्यावरील वयोगटात ठेवले आहे, आणि ते मला योग्य वाटते. रक्तपात हे त्याचे एक कारण झाले. दुसरे असे की, या गेमचे सारे सामर्थ्य 'हे माझ्या हातून झाले' या जाणिवेत आहे आणि ती जाणीव पेलण्यासाठी थोडे वय लागते.

मनाई करून मात्र तो मित्राकडे जाणे थांबवणार नाही, म्हणून एक पर्याय सुचवतो. व्हॉल्व्हनेच 2007 मध्ये 'पोर्टल' नावाचा गेम काढला. त्यातही डोळ्यांसमोर बंदूक असते, परंतु तिच्यातून गोळी सुटत नाही. भिंतीवर एक दार उमटते, दुसऱ्या भिंतीवर दुसरे, आणि एकातून आत गेले की दुसऱ्यातून बाहेर पडता येते. पडताना आलेला वेग दारातून बाहेर येतानाही टिकतो, हे भौतिकशास्त्र त्याला पुस्तकाशिवाय उमगेल. एकोणीस चाचणीकक्ष ओलांडायचे असतात आणि ग्लॅडॉस नावाचे यंत्र गोड आवाजात सूचना देत असते. सतराव्या कक्षात ते यंत्र त्याला एक जड ठोकळा सोबती म्हणून देते. त्याच्या बाजूंवर बदामाची खूण असते, एवढेच त्याचे वेगळेपण. तो ठोकळा उचलून, वर चढण्यासाठी वापरून, आडोसा करून कक्ष पार झाला की यंत्र सांगते, आता याला भट्टीत टाक. तेथे मुलगा थबकतो का, हे शेजारी बसून पाहा. बहुतेक मुले थबकतात, आणि त्यानंतर यंत्राच्या गोड आवाजावर त्यांचा विश्वास राहत नाही. 2011 च्या 'पोर्टल 2'मध्ये दोघांनी मिळून खेळण्याचा स्वतंत्र भाग आहे; तो तुम्ही दोघे खेळू शकाल.

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा) : आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि शेतीच्या कामातून रात्री तासभरच मिळतो. असे गेम फार लांबलचक असतात का?

उत्तर : असलेच पाहिजेत असे नाही. 2016 चा 'टायटनफॉल 2' साधारण सहा तासांत पूर्ण होतो आणि त्यात एक प्रसंगही भरतीचा नाही. 'हाफ-लाइफ'च्या दोन्ही गेममध्ये एफ6 ही कळ दाबली की त्या क्षणापर्यंतचा खेळ साठवला जातो. भारनियमनाच्या वेळापत्रकापेक्षा ती कळ अधिक विश्वासाची आहे. बॅटरी टिकत नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर दर थोड्या वेळाने ती दाबण्याची सवय लावून घ्या. ज्या गेममध्ये फक्त ठरावीक टप्प्यांवरच खेळ साठतो, ते तुमच्या परिस्थितीत सध्या बाजूला ठेवावेत.

प्रश्न (मेहकर तालुका, जि. बुलडाणा) : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. लोणार सरोवरावर आधारित विज्ञानकथेचा शूटर गेम बनवण्याची आम्हा तीन मित्रांची इच्छा आहे. उल्का, परग्रहवासी, कालप्रवास, प्राचीन देऊळ असे सगळे त्यात आणायचे ठरले आहे. काही सूचना कराव्यात.

उत्तर : पहिली सूचना अशी की, यांतले एकच ठेवा. विज्ञानकथेला एक गृहीतक पुरते, मात्र ते कडक असावे लागते आणि खेळणाऱ्याच्या हाताला जाणवावे लागते. 'टायटनफॉल 2'मधील एका मोहिमेत मनगटावर एक यंत्र मिळते. कळ दाबली की त्याच इमारतीच्या दुसऱ्या काळात तुम्ही पोहोचता. आत्ता येथे पडझड आणि आग आहे, तेव्हा येथे दिवे लागलेले आणि पहारेकरी उभे होते. आगीने वाट अडली की काळ बदलायचा, दोन पावले चालायचे, परत यायचे. कालप्रवासावर कोणी भाष्य करत नाही, आणि तरीही त्या एका कळीने कालप्रवासाविषयी इतके सांगितले की पुढे तो सबंध गेममध्ये पुन्हा वापरलेलाही नाही. 2017 च्या 'प्रे'मध्ये परग्रहावरील जीव कोणत्याही वस्तूचे रूप घेऊ शकतो. टेबलावर दोन कप दिसले की त्यांतला खरा कोणता, हा प्रश्न पडतो, आणि मग सबंध गेमभर खुर्चीकडेही तुम्ही पहिल्यासारखे पाहू शकत नाही. गृहीतकाने तुमची नजर बदलली, हे त्याचे यश.

तुमच्या लोणारपाशी असे गृहीतक शोधायला दूर जावे लागत नाही. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर आहे आणि तळाचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे 50 हजार वर्षे मानले जाई; पुढे आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते साडेपाच लाख वर्षांच्याही पलीकडे गेले. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा तपासणीत त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे निघाले. स्थानिक कथेत येथे विष्णूने लवणासुराला मारले. लवण म्हणजे मीठ, हे तुम्हाला सांगायला नको. मी तुमच्या जागी असतो तर परग्रहवासी आणि कालप्रवास दोन्ही सोडून या मिठाला धरून बसलो असतो: पाण्यातील क्षार एका मर्यादेपलीकडे गेले की जागे होणारे आणि गोडे पाणी अंगावर पडले की विरघळणारे असे काहीतरी विवराच्या तळाशी आहे, आणि उन्हाळ्यात पाणी आटू लागले आहे.

मग बंदूक कोणती द्यायची, हा प्रश्न उरतो, आणि गेमचे भवितव्य त्यावर ठरेल. परदेशी गेमसारखी लेझर रायफल देऊ नका. तुमचा नायक कास्तकार असेल तर त्याच्या पाठीवर आधीच एक हत्यार आहे: फवारणीचा पंप. डाव्या हाताने दांडा मारत राहावे लागते, नाहीतर दाब उतरतो. उजव्या हातात नळी असते. टाकी पंधरा-सोळा लिटरची, भरली की जड, आणि जड असताना विवराचा चढ धावत चढता येत नाही. हलके व्हायचे तर पाणी सांडावे लागते, आणि पाणी सांडले तर हत्यार संपले. गोडे पाणी उन्हाळ्यात मिळणार कुठे, तर एखाद्या विहिरीवर, आणि तेथे गावाच्या घागरीही रांगेत असणार. तुम्ही टाकी भरलीत तर कोणाची तरी घागर रिकामी राहील. एवढे जमले तर टंचाईवर एकही संवाद लिहावा लागणार नाही.

याच पंपाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विदर्भातला खेळाडू तो पंप पाठीवर घेईल तेव्हा ही आठवण त्याच्यासोबत असेल, आणि ती वापरताना तुम्ही तिचा मान राखला पाहिजे. थरारासाठी एखाद्या मृत्यूचे दृश्य घालू नका. त्यापेक्षा नायकाच्या आईने दारात उभे राहून त्याच्या तोंडाला दुपट्टा बांधून द्यावा आणि ती गाठ घट्ट आहे की नाही हे दोनदा पाहावे.

सुरुवातीची पाच मिनिटे त्याला लढायला लावू नका. सकाळी पंप धुऊ द्या, विहिरीवर भरू द्या, पऱ्हाटीच्या दोन ओळी नुसते चालू द्या, दांडा मारण्याची लय हाताला लागू द्या. पंप कसा वापरायचा ते तेवढ्यात शिकून होईल. तिसऱ्या ओळीच्या टोकाला, मातीवर पांढरा थर आलेला दिसेल. तो पाहायला वाकायचे की पुढे जायचे, हे खेळणाऱ्यावर सोडा.